तिरक्या धारेचे सुकाणू

मी एक जुने सुकाणू आहे, मित्रांनो, आणि तेही डावे. बोटीच्या पोटाखाली, पाणी मागे ढकलणाऱ्या पंख्याच्या मागे, कायम पाण्यात असतो. तुम्ही बोटीत चढता तेव्हा रंग पाहता, गाद्या दाबून पाहता, इंजिनाच्या आवाजाला माना डोलावता. वाकून माझ्याकडे कोणी पाहत नाही. नका पाहू, माझे त्यावाचून काही अडलेले नाही. बोट कुठे वळायची ते शेवटी मीच ठरवतो. म्हणजे मी आणि माझा उजवा भाऊ. पण तो अबोल आहे, त्याच्या वाटचेही मीच बोलतो.

आम्ही एकाच साच्यातून निघालो. ओतकामाच्या कारखान्यात वाळूच्या साच्यात वितळलेले ब्राँझ ओतले आणि ते निवल्यावर आम्ही दोघे बाहेर आलो, हातभर रुंद पाते आणि त्याच्यावर जाड दांडा. आमची बोट फायबरची, दोन इंजिनांची, म्हणून सुकाणूही दोन. दांडे तळाच्या भोकांतून बोटीत वर घेतले आणि आत एका सळईने आम्हाला एकमेकांशी जोडले. तेव्हापासून एक वळला की दुसऱ्याला वळावेच लागते. भावाभावांत असे बंधन असावे, भांडणाला जागाच उरत नाही.

आमच्या मालकाला सगळे कप्तान म्हणत. शहराच्या धक्क्यावरून समोरच्या बेटावर माणसे न्यायची, हे त्याचे काम. दवाखान्याची नर्स, शाळेच्या बाई, पिठाची पोती, एकदा तर शिंगे रोखून उभा राहिलेला बोकडसुद्धा आम्ही सुखरूप पोहोचवला. पण सुरुवातीला बोटीला एक खोड होती. आम्हाला वळवणारे चक्र जरा सैल सोडले की ती उजवीकडे ओढायची. कप्तानाने एके दिवशी ओहोटीला बोट वाळूवर टेकवली, कानस घेतली आणि माझी मागची धार एका बाजूने तिरकी घासली. बोट पाण्यात नेली, पाहिले, पुन्हा घासले. तिसऱ्या खेपेला बोट नाकासमोर चालू लागली. हे त्याने कोणालाही सांगितले नाही. काम करायचे आणि गप्प बसायचे, हा त्याचा स्वभाव. मला मात्र त्या तिरक्या धारेचा फार अभिमान वाटे. उजव्याकडे ती नव्हती ना!

बावीस वर्षे गेली. माझा दांडा तळातून जिथे आत शिरतो तिथून पाणी ठिबकू लागले. कप्तानाने खाली बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. रोज संध्याकाळी तो डबा बाहेर ओतायचा आणि म्हणायचा, एवढ्याने काय होते. मित्रांनो, एवढ्यानेच होते. तळाच्या आत आधाराला बसवलेली लाकडी फळी ते पाणी गुपचूप पीत होती. पुढे कप्तानाचे गुडघे थकले, बोट काठावर ओढून ठेवली गेली आणि दोन पावसाळे आमच्यावर नुसती ताडपत्री राहिली.

कप्तानाची मुलगी इंजिनांची कारागीर. सगळे तिला ताई म्हणतात, गिऱ्हाइके आणि वडीलसुद्धा. बेटाची फेरी आपण चालवायची असे तिने ठरवले. फेरीचा परवाना अजून घरात होता, पण शुक्रवारी तपासनीस येऊन बोट पास करणार, नाहीतर परवाना दुसऱ्याकडे जाणार. कप्तानाला हे फारसे पसंत नव्हते. बोट म्हातारी झाली आहे, तिच्यापायी तू पाण्यात आयुष्य घालवू नकोस, असे त्याचे म्हणणे. शेवटी किल्ली देताना तो म्हणाला, "गळली नाही आणि सरळ चालली, तर तुझी. नाहीतर विकून टाकू."

ताईने सुरुवात आमच्यापासून केली. आमचे दांडे लांब आणि बोट जमिनीपासून जेमतेम उंच, त्यामुळे आम्ही खाली निघेनाच. मग तिने आमच्याखाली कमरेइतके दोन खड्डे खणले आणि आम्हाला एकेक करून त्यांत उतरवले. आतली फळी तिने बोटाने उकरली तर ओल्या रद्दीसारखी हातात आली. तिने सगळी कुजकी फळी खरवडून काढली, जागा वाळवली, फायबरचा नवा जाड आधार बसवला, भोके पुन्हा नेमकी पाडली. बाप एवढ्याने काय होते म्हणे, लेक इतक्याने भागेल का म्हणे. मला ती तेव्हाच आवडली.

आणि मग तिने मला मांडीवर घेतले. शंखशिंपले खरवडले, काळपटपणा घासून काढला. इतके लाड माझे जन्मात कोणी केले नव्हते. घासता घासता तिचा हात माझ्या तिरक्या धारेवर आला. तिने मला उजव्याशेजारी ठेवून पाहिले, चुकचुकली, आणि ती झिजलेली जागा समजून पुट्टीने भरून, घासून, अगदी उजव्यासारखी गुळगुळीत करून टाकली. मी काय बोलणार? आमचे बोलणे फक्त पाण्यात कळते.

जॅक लावून तिने आम्हाला खड्ड्यांतून वर चढवले. पाणी अडवायला दांड्याभोवती ग्रीस लावलेली नवी दोरी गुंडाळली, वरचा नट बेताने आवळला, सळई जोडली. बुधवारी बोट पाण्यात उतरली. ताईने आत आडवे पडून विजेरीने पाहिले. एक थेंबही नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. धक्क्यावर खुर्ची टाकून कप्तान बसला होता, त्याला तिने लांबूनच हात केला.

पण इंजिने सुरू झाली, वेग आला आणि बोट उजवीकडे ओढू लागली, पहिल्या दिवसासारखी. ताईने सळई पुन्हा मापली, दोन्ही पाती एका रेषेत आहेत ना ते पाहिले. सगळे बिनचूक होते. गुरुवारी दुपारपर्यंत तिने हात टेकले. वडिलांच्या खुर्चीपाशी येऊन ती खालच्या पायरीवर बसली आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली.

कप्तानाने किल्ली घेतली नाही. बोट वर ओढायला लावली. काठी टेकत तो उतारावरून खाली आला, वाकता येत नव्हते म्हणून सरळ चिखलात बसला आणि माझ्या मागच्या कडेवरून अंगठा फिरवला. दोनदा फिरवला.

"इथे धार तिरकी होती."

"झिजली होती, बाबा. मी भरून काढली."

"झिजली नव्हती. मी घासली होती."

ताईच्या डोळ्यांत पाणी आले, रागाने की दमल्याने, ते तिलाही सांगता आले नसते. कप्तानाने माझ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "तुझं चुकलं नाही, ताई. सांगायचं माझंच राहिलं. मला वाटायचं, फेरी माझ्याबरोबरच संपणार, सांगू कोणाला?"

आणि त्याने कानस स्वतः घेतली नाही. तिच्या हातात दिली, तिच्या मनगटावर आपला हात ठेवला आणि किती कलती धरायची ते दाखवले. पुट्टी गळून पडली, खालचे जुने ब्राँझ चमकले. ती घासे, थांबे, कप्तान अंगठा फिरवून मान हलवे. दोघांना एकत्र काम करताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

शुक्रवारी तपासनीसाने बोट धक्का आणि बेट यांच्या मध्यावर न्यायला लावली आणि ताईला चक्र सोडायला सांगितले. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. बोट बेटाच्या दिशेने सुतासारखी सरळ गेली. मागच्या बाकावर कप्तान समोर न बघता माझ्याकडे, मागे उठणाऱ्या पाण्याच्या रेघेकडे बघत होता.

आता फेरी ताई चालवते. मित्रांनो, मला घासा, पुसा, लाड करा, मला आवडते. पण जुन्या वस्तूवरची प्रत्येक खूण म्हणजे झीज नसते. ती बुजवण्याआधी कोणाला तरी विचारा. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी, विचारायची वाट न बघता, सांगून टाका.

आमच्या दांड्यांवरच्या झाकणाला आतून ताईने रंगाने लिहिले आहे: डाव्याची धार तिरकीच ठेवावी. त्याखाली थरथरत्या अक्षरांत आणखी एक ओळ आहे, कप्तानाची. बिस्किटांचा डबा काढला तरी चालेल.