मंडईचं बुजवलेलं दार

"आणि आता या भिंतीकडे बघा!" तेजलने हात असा काही उंचावला की पुण्याहून आलेली पंधराच्या पंधरा माणसं एकदम वळली. "इथं दार होतं. मधले दगड वेगळे दिसतात ना?"

दहावीतली तेजल आज पहिल्यांदाच लोणावळ्याच्या चौकाचा नि दगडी मंडईचा इतिहास सांगत होती. वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून तिची जीभ कुठे म्हणून अडखळत नव्हती. आजचं जमलं तर दर रविवारी तूच, असं इतिहासाच्या बाईंनी कबूल केलं होतं.

"शंभर वर्षांपूर्वी मंडई बांधली ती पश्चिमेला तोंड करून. पहिल्याच आषाढात पाऊस सरळ आत, भाताच्या पोत्यांना मोड फुटले. मग इंग्रज इंजिनिअरच्या लक्षात आलं, नि त्याने हे दार बुजवून पूर्वेला नवं फोडलं."

इंजिनिअर म्हणताना तिचे कान तापले. कारण त्याच भिंतीला शिडी लावून, येत्या पावसाची झड अडवायला कारवीच्या ताट्या बांधत तिचे आजोबा, शिदूआबा, उभे होते. आणि गोष्ट त्यांची होती. त्यांची आजी सारजाबाई इथं डोक्यावरून दगड वाहायची. "सायेब, वारं हिकडनं येतं, दार तिकडं करा," असं तिने पाया खणतानाच सांगितलं होतं. साहेब हसला. मोड फुटल्यावर मात्र तिलाच बोलावून विचारलं, दार कुठं करू? आबांनी तेजलला हे किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. पण भाषण लिहिताना तिला वाटलं, दगड वाहणारी बाई पुण्याच्या लोकांपुढे कशी सांगायची? नि कुणी विचारलं, ती तुझी कोण, तर?

एका चष्मेवाल्या काकांनी वही काढली. "हे कुठं वाचलंस गं?"

"एका जुन्या इंग्रजी पुस्तकात."

"काय हो बाबा," काकांनी शिडीकडे मान वर केली, "तुम्ही इथलेच ना? खरंय का हे?"

आबांचा हात गाठीवर थांबला. तेजलने वर बघितलंच नाही. तिला शिडीची पायरी आणि आबांच्या टाचांच्या भेगा तेवढ्या दिसत होत्या.

"आसंल की," आबा म्हणाले. "ताई शिकलेल्या हायत. बुकात लिवलंय म्हंजी खरंच."

काकांनी तसं लिहून घेतलं. टाळ्या पडल्या. बाईंनी तिची पाठ थोपटली, "पुढचा रविवार तुझाच," आणि सगळे चिक्कीच्या दुकानांकडे पांगले.

तेजल शिडीपाशी आली. आता ऐकणारं कुणी नव्हतं.

"आबा," ती हळूच म्हणाली.

घरी ते तिला तेजे म्हणत, नि हाक मारली की चार घरं पलीकडे जायची. आबांनी गाठ आवळली, उरलेलं दोरीचं टोक कोयत्याने तोडलं.

"ताई, वाईच बाजूला व्हा," ते म्हणाले. "डोळ्यात कचरा जाईल तुमच्या."