चौथा ठोका

रानकोंबड्याला बोलवायचं कशानं, यावरून काशीदच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत माणसं हातघाईवर येत. कोण म्हणे कुड्याचं पान ओठांत दुमडावं, कोण म्हणे बांबूची वीतभर नळी फुंकावी. येसाजी दोघांनाही हसायचा. "पान सुकतं, नळी चिरते. देवानं गळा दिलाय तो काय निसता भात गिळायला?" असं म्हणत दोन्ही हातांची ओंजळ तोंडापुढे धरायचा आणि असा काही आरवायचा, की परड्यातल्या गावठी कोंबड्या दाणे टिपायचं सोडून माना वर करायच्या.

पण ही झाली पूर्वीची गोष्ट. सन सत्तावीसच्या शिमग्यानंतर सात वर्षं येसाजीनं तोंडापुढे ओंजळ धरली, ती फक्त पाणी प्यायला.

आता आधी रीत समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. रानकोंबडा आरवतो चार ठोक्यांत. कुक्, काया, काया, कुक्. आरवायच्या आधी पंख फडफडवतो. ते ऐकून दुसरा कोंबडा तणतणत येतो, माझ्या रानात हा कोण उपटसुंभ म्हणून, आणि बंदुकीपुढे उभा राहतो. माणसानं हेच करायचं. मांडीवर पंचा झाडून फडफड काढायची आणि आरवायचं, पण तीनच ठोके. शेवटचा कुक् गिळून टाकायचा. येसाजीच्या आज्याच्या वेळी जाळीत बसलेल्या एका गड्याचा डोळा छऱ्यानं गेला, तेव्हापासून हा नेम. तीन ऐकले की तो आपला माणूस, बंदूक खाली. चार ऐकले की कोंबडा, खुशाल घोडा ओढा. जीव गेला तरी चौथा ठोका तोंडातून काढणार नाही, अशी शपथ वाडीतल्या प्रत्येक शिकाऱ्याला वाघोबाच्या दगडापुढे घ्यावी लागे.

आणि त्याच दगडापुढे, शिमग्याच्या पाचव्या दिवशी, गेलेल्या शिकाऱ्यांची नावं घेत. एकेका नावामागे रानकोंबड्याच्या मानेवरचं पिवळ्या टिकल्यांचं एक पीस दगडाच्या खाचेत खोवायचं. ज्याचं पीस लागलं त्याला वाघोबा आपल्या रानात फिरू देतो, ज्याचं नाही लागलं तो शिवेबाहेर भटकतो. हसू नका. वाडीतली माणसं याच्यावर जगत होती आणि याच्यावरच मरत होती.

येसाजीला एकच भाऊ, कान्हा. आठ वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली, बाप भागोजी शिकारीच्या नादी, म्हणून कान्ह्याला लहानाचा मोठा केला येसाजीनंच. दोघं रानात पाठीला पाठ लावून बसत. एका पहाटे येसाजीनं असा सूर लावला की एकाच वेळी दोन कोंबडे आले आणि ह्यांना विसरून आपसांतच भांडायला लागले. कान्ह्याला हसू आवरेना. तोंडात पंचा कोंबून तो गदागदा हलत होता, आणि त्याच्या पाठीच्या धक्क्यानं येसाजीही. दोन्ही कोंबडे उडाले. रिकाम्या हातांनी घरी आले, तरी येसाजीला आयुष्यातली सगळ्यांत गोड शिकार तीच वाटायची.

कान्ह्याचा नेम सरळ होता, गळा मात्र दगड. आरवायला लागला की माकडं ओरडावीत तसं वाटे. येसाजीची जीभ भारी तिखट, आणि भावावर माया होती म्हणून ती काही बोथट होत नव्हती. उलट मायेच्या माणसावरच जास्त चाले.

सत्तावीस सालच्या होळीपुढे सगळी वाडी जमली होती. गप्पा शिकारीवर आल्या. येसाजी मोठ्यानं म्हणाला, "आमच्या कान्ह्याच्या आवाजाला रानकोंबडा कुठला येतोय? लई झालं तर मनुबायची खुडूक कोंबडी यील!" वाडी खो खो हसली. म्हातारी मनुबाय तर डोळे पुसपुसून हसली. कान्हाही हसला, पण त्याची बायको गोदू बायकांत उभी होती. तिच्याकडे त्याची नजर गेली आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. येसाजीनं ते पाहिलं. त्याला रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो कान्ह्याला एकट्याला खळ्यावर घेऊन गेला.

"तुला एक सांगतो. कुनाला बोलू नको. तीन ठोक्यांवर कोंबडा येतो तो नखरे करीत. चौथा घातला ना, की धावत येतो. मी एकटा असलो की घालतो."

कान्हा चपापला. "दादा, शपथ हाय आपली."

"शपथ भित्र्यांसाठी. मी हाय ना?"

चार दिवस त्यानं कान्ह्याला घोटलं. आवाज नाकातून नाही, पोटातून काढ. शेवटच्या ठोक्याला मान खाली घे, म्हणजे तो किंचित थरथरतो. ती थरथर येसाजीची स्वतःची, एकट्यानं कमावलेली. एरवी ती चारचौघांत कधी निघायची नाही, कारण चारचौघांत तो तीनवरच थांबायचा. आणि पंच्याऐवजी त्यानं भावाला सुकवलेला खरा पंख दिला, मांडीवर फडफडवायला. "परवा आंब्याच्या दांडावर बस. एक कोंबडा आन. मग सगळ्या वाडीम्होरं तुझी पाठ थोपटतो."

परवा उजाडला. ठरलं होतं ते असं, की कान्हा आंब्याच्या दांडावर, म्हणजे डोंगराच्या सोंडेवर, आणि येसाजी दगडापुढे नावं घेणाऱ्या जाणत्या अंबाजीबरोबर पलीकडच्या टेपाच्या उंचवट्यावर. पण अंबाजीचे गुडघे धरले. तो म्हणाला, "येसा, मी टेपावरच बसतो. तू मधल्या घळीत उतर." येसाजी उतरला. तिकडे कान्ह्याला दांडावर काही दिसेना म्हणून तोही घळीतल्या करवंदीच्या जाळीत येऊन बसला. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही.

सूर्य वर यायच्या बेतात होता. जाळीतून फडफड आली. कोरडी, खऱ्या पंखांची. मग कुक्, काया, काया, आणि जरा थांबून, कुक्.

येसाजीनं बंदूक उचलली आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आलं, कान्हा तर नसेल?

हे नीट ध्यानात ठेवा. आलं होतं त्याच्या मनात. एकदा नाही, दोनदा आलं. पण चौथा ठोका इतका साफ, इतका गोड होता, की येसाजी मनाशीच हसला. छे! कान्ह्याला इतकं सुरेख कुठलं जमायला! जाळीत राखी पंख पुन्हा हलला. त्यानं घोडा ओढला.

धूर विरला तेव्हा तो कोंबडा उचलायला धावला. जाळीत कान्हा उताणा पडला होता. छातीवर, गळ्यावर छरे. एका हातात पंख तसाच. येसाजीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कान्ह्यानं डोळे उघडले, आणि देवा, तो हसला.

"दादा, जमलं ना?"

येसाजीला हो म्हणायचं होतं. तेवढं एक अक्षर म्हणायचं होतं, आणि ते म्हणायच्या आत कान्ह्याची मान कलली.

वरून अंबाजी आणि दोघे-तिघे धडपडत आले. अंबाजीनं विचारलं, "येसा, काय केलंस रे हे?"

येसाजी म्हणाला, "यानं चार म्हनलं."

यात खोटं काहीच नव्हतं. अंबाजीनंही टेपावरून चार ऐकले होते, ती शेवटची थरथरसुद्धा. बाकीचं येसाजीनं गिळलं. तालुक्याहून शिपाई आले, पंचनामा झाला, अपघात असा कागद झाला. वाडीनं मात्र आपला न्याय केला. कान्ह्यानं शपथ मोडली, वर थोरल्या भावाच्या माथी भावाचं रक्त लावलं. त्याचं पीस खोवायचं नाही.

येसाजी तेव्हाही गप्प बसला. आज नको, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. आणि अशा गोष्टीचं काय असतं, पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुप्पट जड होतं.

भागोजी आधीच वारलेला, येसाजीची बायकोही पटकीच्या साथीत गेलेली. त्यामुळे घरात दीर-भावजय दोघंच उरली. मधे भिंत घातली, चूल एकच, ती येसाजीच्या बाजूला. गोदूला माहेर असून नसल्यासारखं. ती शेतात राबायची, दोन वेळा भाकरी आणि सुकटीचं कालवण येसाजीपुढे ठेवायची, डोक्यावरचा पदर ढळू न देता. पाणवठ्यावर बायका तिला ऐकवायच्या, "तुझ्या दादल्यानं देवमाणसाला पापात घातलं गो." ती घागर भरायची आणि निघायची.

आणि दर शिमग्याला पाचव्या दिवशी, वाघोबाच्या दगडापाशी सगळ्यांदेखत ती येसाजीच्या पायांवर डोकं ठेवायची. "दादा, ह्यांनी तुमच्या माथी पाप घातलं. पोटात घाला. पीस लावू द्या." अंबाजी मान हलवायचा, नाही. येसाजी दगडाकडे बघत उभा राहायचा. तिच्या कपाळाचा ऊन स्पर्श त्याला पुढे महिनाभर पायांवर जाणवायचा. रात्री तो पाय घासून धुवायचा. वाडी म्हणायची, बघा, येसाजीचं मन केवढं, भावजयीला सांभाळतो, एका शब्दानं दुखवत नाही. लाज वाटायची हो त्याला. जेवताना वाटायची, बोलताना वाटायची, कोंबडा आरवला की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

अशी सहा वर्षं गेली. चौतीस साल आलं, सातवा शिमगा.

दगडापाशी माणसं जमली. अंबाजी आता पार वाकला होता, तरी नावं घ्यायचा मान त्याचाच. भागोजीचं नाव झालं, पीस लागलं. मग रिवाजाप्रमाणे गोदू पुढे आली. हातात नैवेद्याचं ताट होतं, ते खाली ठेवलं. पस्तिशीच्या आतच तिचे केस पिकले होते. वाकली. आणि येसाजीला एकाएकी त्या पिकल्या केसांत कान्ह्याचं डोकं दिसलं, मांडीवर घेतलेलं.

त्यानं पाय मागे घेतले.

गोदूचं कपाळ मातीला टेकलं. माणसं चुळबुळली.

"माझ्या पायां पडू नको," येसाजी म्हणाला. "चौथा ठोका मी शिकवला त्याला. खळ्यावर. पंखबी मीच दिला. तो नको म्हनत व्हता, शपथ हाय म्हनत व्हता. मीच म्हनलं, शपथ भित्र्यांसाठी. आनि बार टाकायच्या आधी माझ्या मनात आलं व्हतं, कान्हा असंल. मला वाटलं, ह्याच्या दगडी गळ्याला इतकं कुठलं जमतंय. म्हनून मारला."

मग, काय सांगावं, एकजण डोळे पुसत म्हणाला, "काय माणूस हाय बघा! मेलेल्या भावाचा दोष सोताच्या अंगावर घेतोय!" दुसरा म्हणाला, "व्हय, व्हय. असा भाऊ मिळायला नशीब लागतं." येसाजी वेड्यासारखा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. सात वर्षं त्याला वाटत होतं, खरं बोललो की मारतील, थुंकतील. हे तर आरतीच ओवाळायला निघाले!

अंबाजीनं हात वर केला. "थांबा. येसा, चार ठोके म्हन."

"बाबा, इथं? वाघोबाम्होरं?"

"इथंच. त्या दिवशीचा आवाज माझ्या कानात हाय."

सात वर्षांनी येसाजीनं ओंजळ तोंडापुढे धरली. कुक्, काया, काया. थांबला. मग मान खाली घेऊन, कुक्. शेवटाला तीच थरथर. खालच्या घळीतून कुठल्याशा कोंबड्यानं लगेच जाब दिला.

"तोच," अंबाजी म्हणाला. "तोच ठोका. मला तवा वाटलं, पोराला हे कुठनं जमलं."

आता मात्र कोणी येसाजीचं कौतुक केलं नाही. त्याच्या शेजारी उभे होते ते दोन पावलं बाजूला सरले. अंबाजीनं पिशवीतून एक पीस काढलं आणि गोदूपुढे धरलं. "कान्हा भागोजी," त्यानं नाव घेतलं. आणि मग येसाजीकडे न बघता म्हणाला, "येसा, तू गेल्यावर तुझं पीस ह्या दगडाला लागनार न्हाय."

"न्हाय लागनार," येसाजी म्हणाला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याचं सगळं ध्यान गोदूकडे होतं. ती आता रडेल, ऊर बडवेल, शिव्या देईल, दगड उचलून मारेल. मारू दे. तो तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

गोदूनं पीस खाचेत खोवलं. कपाळाची माती पदरानं पुसली.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलंत त्या रातीच ह्यांनी मला सांगितलं. निजायच्या आधी आरवून दाखवलं. लई आनंदात व्हते. दादानं सोता शिकवलं म्हनाले."

येसाजीचे जोडलेले हात सुटले. "मग सात वर्सं माझ्या पायां कशाला पडत व्हतीस?"

"पाय कधी मागं घेता, ते बघत व्हते."

तिनं ताटातली भाकरी वाघोबापुढे ठेवली, कान्ह्याचं पीस नीट बसलं आहे का ते पुन्हा एकदा चाचपून पाहिलं, आणि रिकामं ताट घेऊन एकटीच वाट उतरली. येसाजी अंधार पडेपर्यंत तिथंच उभा होता. घरी आला तेव्हा भिंतीपलीकडे दिवा जळत होता आणि अलीकडे चूल थंड होती.