दोरीपलीकडचा समुद्र

मावशीला समुद्रात नुसते पाय नाही, अख्खं अंग बुडवायचं होतं. आयुष्यात एकदा! हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरी धुता धुता जन्म गेला बिचारीचा, पण एवढं पाणी बघितलं ते फक्त टीव्हीवर. म्हणून भाचीनं हट्टानं तिला इथं आणलं. आणि गाव कसलं, तर आइस्क्रीमच्या दुकानाचं दारही कोटवाला माणूस उघडून देतो, आणि कुत्री आपल्यापेक्षा भारी शाम्पूनं न्हालेली! यांची खोली मात्र गावाच्या पार मागच्या टोकाला, गॅरेजच्या वर. खिडकी उघडली की समोर टायरच टायर.

संध्याकाळी परतीची बस, आणि सकाळपासून नुसती वणवण. किनारा हा एवढा लांबलचक, पण जिथं उतरायला जावं तिथं हॉटेलची दोरी आणि दोरीपाशी पहारेकरी. मोकळा किनारा विचारला तर म्हणे डोंगरापलीकडे, गाडीनं जा.

"फक्त पाहुण्यांसाठी आहे हो, आजी," एका दोरीपाशी पहारेकरी म्हणाला.

"आजी कुणाला म्हणतोस रे? स्वतःचं टक्कल बघ आधी!"

भाचीनं तिला ओढतच पुढच्या हॉटेलाकडे नेलं. हसू आवरेना, आणि आतून रडूही फुटत होतं. आता बस चुकवावी की मावशीला कोरडीच घरी न्यावी?

तेवढ्यात वाऱ्यानं एक पांढरा टॉवेल उडत आला तो थेट मावशीच्या पायाशी. आता धुलाईखात्यातली बाई ती, तिला मातीत पडलेलं कापड बघवतंय थोडंच! उचलला, झटकला, हनुवटीखाली धरून फटाफट घड्या घातल्या. दोरीपलीकडच्या खुर्चीवर आणखी एक लोळत होता. तोही घेतला. मग त्याच्या पुढचा. घड्या घालता घालता बाई दोरीखालून कधी आत शिरली, तिचं तिलाच कळलं नाही! इथल्या पहारेकऱ्यानं एकदा पाहिलं, हॉटेलचीच कुणीतरी समजला आणि खुशाल जांभई दिली.

काळा चष्मा लावून पडलेली एक बाई म्हणाली, "अहो, दोन इकडे द्या ना."

मावशीनं दिले! वर विचारलं, "उशाला देऊ का अजून एक?"

भाची दोरीपाशी थिजलेली. मावशीनं डोळे वटारले, "बघत काय उभी राहिलीस? उचल की!"

मग काय, भाची नाकापर्यंत टॉवेल घेऊन मागे मागे. एकेका खुर्चीगणिक पाणी जवळ! शेवटच्या खुर्चीत एक साहेब घोरत होते. मावशीनं उरलेली सगळी थप्पी अलगद त्यांच्या पोटावर ठेवली, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी सरळ चालत सुटली. गुडघे, कंबर, खांदे... गडप!

आता कुठं पहारेकरी धावला. पण बूट होते नवेकोरे, चकाचक. लाट आली की गडी मागं.

"ओ बाई, बाहेर या! किनारा हॉटेलचा आहे!"

मावशीनं डोकं वर काढलं. "मी किनाऱ्यावर आहे कुठं? पाण्यात आहे की!"

हे ऐकून चष्मेवाली बाई फिस्सकन हसली, आणि भाचीनं चपलांसकट उडी ठोकली.

"अगं बये, खारट आहे गं!" मावशी किंचाळली. "खरंच खारट आहे!" आणि नाक धरून पुन्हा बुडाली.