वॉरिनला दिलेला शब्द

वॉरिन गडाबाहेर आला तो केवळ थोरल्या भावाच्या, ओडिनेलच्या शब्दावर. ओडिनेल आणि वॉरिन हे राजाचे चुलतभाऊ, दोघेही मोठे सरदार. नव्या राजाशी वॉरिनचं बिनसलं आणि तो वेल्बरीच्या गडाची दारं लावून आत बसला. सात आठवडे वेढा पडला. शेवटी ओडिनेल एकटाच तटाखाली गेला आणि आईचा क्रूस उंच धरून ओरडला, "ये बाहेर! तुझ्या केसाला धक्का लागणार नाही. राजानं मला वचन दिलंय."

"तू म्हणतोस ना दादा? मग आलोच," वरून वॉरिन म्हणाला. "पण जेवायला काहीतरी बरं ठेव. घोडी खाऊन खाऊन कंटाळलोय."

राजाच्या तंबूत त्यानं गुडघे टेकले. राजा त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "बेड्या घाला." वॉरिननं मान वळवून भावाकडे पाहिलं. ओडिनेलच्या ओठापर्यंत शब्द आले होते. तेवढ्यात राजाची नजर त्याच्यावर येऊन थांबली आणि ओडिनेल आपल्या हातमोज्याची शिवण निरखत राहिला.

तिसऱ्या दिवशी तो भावजयीकडे गेला. हविसा परसात डुकराच्या मांसाला मीठ चोळत होती.

"भावजी, खरं सांगा. तुम्ही काही बोललात का राजाला?"

"बोललो की," त्याच्या तोंडून निघून गेलं. "पुष्कळ बोललो. ऐकेल तर शपथ!"

तिनं खारट हातांनीच त्याचे हात धरले. "वाटलंच मला. लोक म्हणतात, भावानंच घात केला. जळ्ळी मेली त्यांची जीभ!"

ओडिनेलचे कान तापले. तिनं नवऱ्यासाठी दिलेला लोकरी सदरा घेऊन तो जवळजवळ पळालाच.

कैदेत वॉरिन निम्मा झाला होता. सदऱ्यात तोंड खुपसून त्यानं विचारलं, "काय म्हणाली?"

"मी राजापुढं तुझी बाजू मांडली, असं सांगितलंय तिला."

वॉरिननं सदरा घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "राहू दे तसंच. तिला भरवशाचं कुणीतरी हवं."

त्यानं शिव्या दिल्या असत्या, तोंडावर थुंकला असता, तर ओडिनेलला सोसलं असतं. हे सोसवेना. तो तसाच घोड्यावर बसून परत हविसाच्या दारात आला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "त्याला बेड्या घातल्या तेव्हा मी गप्प उभा होतो. घाबरलो."

ती चुलीजवळ उभी होती. हातातली पळी तिनं हळूच खाली ठेवली.

"मुलं रात्री झोपताना देवाकडं तुमच्यासाठी मागतात," ती म्हणाली. "त्यांना तुम्हीच सांगा. माझ्यानं नाही व्हायचं."

तिनं मुलांना हाक मारली. ओडिनेल उंबऱ्यावर टेकला. तिघंही धावत आली. धाकटी नेहमीसारखी काकाच्या मांडीवर चढून बसली. ओडिनेलनं तिला उचलून खाली ठेवलं आणि जमिनीकडे बघत सांगायला सुरुवात केली.