सख्खी मावशी

सांगितलं तर थाप वाटेल, पण एकुलत्या एक बाईंना पन्नाशीनंतर, एका सकाळी, चार सख्ख्या बहिणी झाल्या. आईवडील केव्हाच वारलेले असताना.

"चारही मुलं बहिणींची?" शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं.

"एकेकीचं एकेक," बाई म्हणाल्या.

साहेबांची खुर्ची दाराला टेकलेली. खोलीतून निघायला दुसरी वाट नव्हती आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. दुसऱ्यांची मुलं पैसे घेऊन दिवसभर शिकवली की ती शाळा. शाळा म्हटली की परवाना हवा, दोन दारं हवीत. शेजारच्या कर-सल्लागारानं हे समजावलं तोवर उशीर झाला होता. सरळमार्गी बाईंनी कर भरताना 'घरी मुलांना शिकवून' असं लिहून टाकलं होतं. त्या खऱ्यानंच साहेबांना घर दाखवलं.

"आता एकच पळवाट," सल्लागार म्हणाला होता. "नात्यातली मुलं चालतात."

वर्ग बंद झाला, तर शाळांनी नको म्हटलेली ही चार पोरं पुन्हा आपापल्या घरी भिंतीकडे बघत बसणार होती. बाईही.

"बहिणी पैसे देतात?"

"देतात की. धाकटी तर नको म्हटलं तरी उशीखाली ठेवून जाते. थोरलीचा हात जरा आखडता." थाप रंगात आली, तसे बाईंना बहिणींचे चेहरेही दिसू लागले. "तिघी आईच्या वळणावर गेल्यात. एक मात्र वडिलांसारखी तिरसट."

"ही कुणाची?" साहेबांनी खिडकीजवळच्या मुलीकडे बोट केलं.

"त्या तिरसट बहिणीची."

साहेब खळखळून हसले. त्यांनाही तशी एक बहीण होती म्हणे. फाईल मिटून ते उठले, खुर्ची सरकली, दार मोकळं झालं.

तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी हाताची घडी घालून उभी राहिली. सकाळपासून घोकून घेतलेला शब्द तिनं अगदी बिनचूक आठवला.

"अहो मावशी, मी पाणी पिऊन येऊ का?"

साहेब दारातच थांबले. हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "सख्ख्या मावशीला कुणी 'अहो' म्हणतं का?"