शेषाचा रंग

कट्टा गावच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा जयराम गुरुजी निवृत्त झाले होते. तरी ते रोज येत. कॉम्प्युटरच्या पुस्तकातलं एक पान आदल्या दिवशी स्वतः शिकायचं आणि दुसऱ्या दिवशी मुलांना शिकवायचं, यात त्यांना भारी मजा वाटे.

आज मात्र ते एकच चित्र तिसऱ्यांदा उघडून बघत होते.

समोर आठवीतली नीरजा बसली होती. तिच्यामागे तिची काकी रुक्मिणी आणि रुक्मिणीचा धाकटा दीर बाबली उभे होते. रुक्मिणीचे यजमान दाजी दर गणेशचतुर्थीला गणपतीमागच्या भिंतीवर चित्र काढत. वर्षभर ते राही, मग चुना मारून त्यावर नवं. दाजी पौषात गेले. गेल्या वर्षीचा शेषशायी विष्णू हे त्यांचं शेवटचं चित्र. नीरजाने भिंतीसमोर बसून चौकटीच्या कागदावर त्याच्या रेषा उतरवल्या होत्या आणि शाळेत येऊन चौकटी मोजत त्या कॉम्प्युटरवर काढून रंग भरले होते. चित्र मशीनमध्ये राहिलं या भरवशावर रुक्मिणीने भिंत पांढरी करून घेतली, आणि आज ते बघायला पहिल्यांदाच शाळेत आली.

पडद्यावर विष्णू होता, लक्ष्मी होती, शेष होता. सगळे काळे आणि पांढरे.

"गुरुजी, रंग खंय गेले?"

"वैनी, मशीन बिघडला आसतला," बाबली म्हणाला. "बंद करून चालू करा बगू."

गुरुजींनी तेही केलं. चित्र तसंच आलं.

"नीरजा, साठवताना प्रोग्रॅमने प्रकार विचारला होता ना? तू कुठला घेतलास?"

"फ्लॉपी भरत आली होती, गुरुजी. म्हणून कमी जागेचा घेतला. पण त्यानंतरही पडद्यावर सगळे रंग दिसत होते!"

गुरुजींच्या लक्षात आलं. पडद्यावरचं चित्र आणि फ्लॉपीवरचं चित्र वेगळं असतं. पोरीने रंग डोळ्यांनी पाहिले आणि निर्धास्तपणे मशीन बंद केलं.

ते रुक्मिणीकडे वळले. "वहिनी, मासे धरायचं जाळं डोळ्यांसमोर आणा. चित्र म्हणजे तसं जाळं. एका प्रकारात जाळ्याच्या प्रत्येक डोळ्यात रंगाचा आकडा लिहितात: हा निळा, हा तांबडा. त्याला जागा जास्त लागते. दुसऱ्या प्रकारात डोळा फक्त काळा की पांढरा, एवढंच लिहितात."

"मगे आकडे काढा भायर."

"ते लिहिलेच गेले नाहीत. लपलेले असते तर काढले असते."

रुक्मिणी पदराचं टोक चोळत राहिली. "मियांच सांगलंय चुनो मारूक," ती म्हणाली.

नीरजाचे डोळे भरले. "काकी, मी परत भरतंय. शेषाचो फणो हिरवो होतो मां?"

"हिरवो खंय? पिवळो," बाबली म्हणाला. "माज्या हातान त्यार चुनो मारलंय. माका ठावक."

"चुनो मारताना तुजा ध्यान जेवणावर आसता," रुक्मिणी म्हणाली. "हिरवोच."

नीरजाने हिरवा भरला. रुक्मिणी बराच वेळ बघत राहिली. "ह्यो न्हय."

पिवळा भरला. "ह्योय न्हय." मग निळसर. मग पुन्हा हिरवा. आता नीरजालाही आठवेना, आणि बाबलीलाही. गुरुजींनी तो विष्णू चतुर्थीच्या आरतीला कितीदा पाहिला होता. पण त्यांना फक्त लक्ष्मीचं खाली वाकलेलं डोकं आठवत होतं.

"गुरुजी," नीरजा हळूच म्हणाली, "आता रंगीत प्रकारात ठेवू ना? हे तरी जाणार नाही."

तिला आता बरोबर उमजलं होतं. एरवी गुरुजींनी पाठ थोपटली असती.

"नको गो," रुक्मिणी म्हणाली. "काळा-पांढराच ऱ्हवांदे. तेतूर ह्येंच्या हातचा नाय असा कायच नाय."

नीरजाने गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. तिने काहीच न साठवता मशीन बंद केलं, आणि पडद्यावरचा हिरवा शेष विझला.