माझे दुसरे तोंड

मित्रांनो, इंडोनेशियातल्या सुराबाया शहरातली मी एक जुनी गल्ली. भातखाचरांमधली पायवाट म्हणून मी जन्मले. म्हशींच्या खुरांनी मला मळले, मग दोन्ही बाजूंना घरे उठली. माझे एक तोंड बाजाराकडे, दुसरे मोठ्या रस्त्याकडे. मधे चार बोळ येऊन मिळायचे. कुठूनही शिरा, कुठूनही निघा! शहर वाढले तसे बोळ गोदामांखाली गेले. शेवटी मोठ्या रस्त्याच्या बाजूला श्रीमंतांची वसाहत आली आणि माझ्या दुसऱ्या तोंडावर भिंत चढू लागली.

साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेले मांस, विकणारा मुकिद भिंतीच्या जागी आडवा पडला. "रचा विटा माझ्या छातीवर!"

बांधकामाच्या मुकादमाच्या माणसांनी दांडक्यांनी त्याचा डावा हात मोडला. माझ्या फरशांवर रक्त सांडले. तिसऱ्या दिवशी भिंत पुरी झाली. पलीकडे पहाऱ्याला बसला जुमाली, माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेला पोर.

"मुकिदकाका, पोटासाठी करतोय हो," तो म्हणाला.

"कर बाबा. फक्त तोंड दाखवू नकोस."

पुढल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, बाजाराकडच्या टोकाला गॅसची टाकी फुटली. आग छपरांवरून उड्या मारत आली. माणसे एकमेकांना तुडवत भिंतीकडे धावली. भाजी-भात विकणारी तुमिनाहमावशी पडली, ती पुन्हा उठली नाही. काहीजण भिंतीवर चढू लागले, तर जुमाली काठीने बोटांवर हाणू लागला.

"वर येऊ नका! साहेबांचा हुकूम आहे!"

बोटे फुटली. माणसे धुरात मागे कोसळली.

"जुमाल्या," मुकिद खालून ओरडला, "मारतोयस ते हात तरी बघ! यांनीच भरवलंय तुला!"

काठी थांबली. मग पलीकडून पहारीचे घाव ऐकू आले.

"मागं सरा! भिंत पाडतोय!"

भगदाडातून सगळे सुटले, पाच सोडून. जुमाली आत शिरला आणि तुमिनाहला उचलून बाहेर आला. त्याचे केस जळाले होते. तिच्यात प्राण नव्हता. मुकिदने धडधाकट उजव्या हाताने त्याच्या मुस्कटात मारली, आणि मग त्याच हाताने त्याला धरून खाली बसवले.

वसाहतवाल्यांनी पुन्हा गवंडी आणले. गवंड्यांनी भगदाडातून आत पाहिले, थाप्या पिशवीत घातल्या आणि ते निघून गेले.

मित्रांनो, तुमचेही गाव वाढेल. वाढू द्या. पण एखादी वाट बुजवण्याआधी तिच्या शेवटच्या घरी जा आणि एवढेच विचारा, "बाई, आग लागली तर तू कुठून पळशील?"